साळूबाईची भवानी

अंबडच्या कारखान्यांच्या मागे जी वसाहत आहे तिथं साळूबाई ताजनपुरेच्या काळ्या मसाल्याला तोड नव्हती आणि भावही नव्हता. तोड का नव्हती ते तिच्या हातची आमटी एकदा भुरकली की कळायचं. भाव का नव्हता ते मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

उन्हाळा लागला की ही बाई खोबरं, कांदा, धणे, तीळ, दगडफूल असं सगळं मोठ्या कढईत भाजायला बसायची. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला रिक्षावालासुद्धा शिंकत शिंकत म्हणायचा, "साळूमावशींनी कढई ठेवली वाटतं." मग कांडपावरून मसाला कुटून यायचा, बरण्या भरायच्या आणि दुसऱ्या दिवसापासून दारात वाट्या सुरू. "मावशी, पाहुणे आलेत, वाटीभर मसाला द्या." "मावशी, आज मिसळ करायचीय, जरा जास्तच द्या." मावशी द्यायच्या. साळूबाईच्या सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, दारात आलेली वाटी रिकामी जाऊ द्यायची नाही. आणि गल्लीचाही नियम होता, भरून नेलेली वाटी रिकामी परत करायची नाही. त्यामुळे मसाला जायचा आणि शिरा यायचा. मसाला जायचा, कैरीचं लोणचं यायचं. एखाद्या नव्या बिऱ्हाडकरूनं चुकून पाकीट काढलं की साळूबाई फणकारायची, "ठेवा ते! मी काय दुकान मांडलंय?"

तेव्हा तिला हे परवडत होतं. अंबडच्याच एका कारखान्यात ती ठेकेदाराकडून पॅकिंगच्या कामाला जायची. दर महिन्याला स्वतःचे चार पैसे हातात यायचे. मग एका सोमवारी गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका, मशीन आलंय. झालं! इतक्या वर्षांचा डबा, चपला, गेटपास, सगळं एका वाक्यात घरी आलं.

नवरा मोतीराम वॉचमनच्या नोकरीतून निवृत्त होऊन बसलेला. मुलगा मनोज एका कारखान्यात सीएनसी मशीनवर, त्याच्या पगारावर घर चालायचं. मुलगा गुणाचा, सून स्नेहा त्याहून गुणाची. कुणी अवाक्षर बोललं नाही. पण कुणी बोललं नाही म्हणून टोचत नाही असं थोडंच असतं? बहिणीकडं जायचं तर, "मनोज, रिक्षाला पन्नास दे रे." तो शंभर काढून द्यायचा, आणि ते जास्तीचे पन्नासच तिला जास्त लागायचे. एकदा भांडी घासताना बांगड्या पिचल्या. बाई महिनाभर एकेका बांगडीवर राहिली, पण मागितले नाहीत. मागायचं म्हणजे हात पसरायचा, आणि हात पसरायची तिला मनापासून लाज वाटायची.

स्नेहानं ते हात पाहिले. दुसऱ्याच दिवशी ती समाजमंदिरात जाऊन सासूचं नाव घालून आली.

समाजमंदिरात एका संस्थेनं वस्तीतल्या बायकांसाठी व्यवसायाचे वर्ग काढले होते. बाहेर फलक होता, 'चला, उद्योजिका होऊ या!' शिकवायला निकिता मॅडम. गंगापूर रोडला राहणारी, स्कूटीवरून येणारी, साळूबाईच्या मुलाहून लहान मुलगी. मुलगी चांगली होती हो. वस्तीतल्या नळाला पाणी आलं की वर्ग मध्येच सोडून द्यायची, बायकांची पोरं रडली की स्वतः कडेवर घ्यायची. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, "शेवटी गंगापूर रोडला तीन दिवसांचं प्रदर्शन आहे. तिथं जी ताई स्वतः उभी राहून आपला माल विकेल, तिला इंदिरानगरच्या आपल्या महिला भांडारात वर्षभर जागा मिळेल. पण विक्री स्वतःच करायची. मुलगा, सून, नवरा कुणी मध्ये बोलायचं नाही."

इंदिरानगरच्या भांडारात वर्षभर जागा! साळूबाई त्या रात्री झोपली नाही. आपला मसाला काचेच्या कपाटात ठेवलाय आणि महिन्याच्या महिन्याला आपल्या हातात आपले पैसे येताहेत, एवढंच तिला दिसत होतं. मनोजपुढं उभं राहायला नको. बस, आणखी काय पाहिजे माणसाला?

पहिला धडा होता सॅम्पलचा. मॅडमनी सांगितलं, "आधी थोडा थोडा माल फुकट द्या. लोकांना आवडला की ते आपोआप विकत घ्यायला येतील." साळूबाईला हे शिक्षण फारच सोपं वाटलं. फुकट द्यायचं तर तिला कुणी शिकवायला नको होतं! तिनं घरातल्या सगळ्या स्टीलच्या वाट्या काढल्या, सासूचं नाव कोरलेल्या, लग्नात आलेल्या, झाडून सगळ्या, आणि वसाहतीच्या दोन गल्ल्यांत मसाला पोचवला. पुढच्या वर्गात मॅडमनी विचारलं, "साळूताई, काय रिस्पॉन्स?"

साळूबाई अभिमानानं उभी राहिली. "लय झकास, मॅडम. गाजराचा हलवा आला, मेथीचे लाडू आले, शेजारच्या जयरामच्या घरून शेवग्याच्या शेंगा आल्या. शेवटच्या वाटीतून तर खीर आली, ती मी इथंच आणलीय. घ्या."

"आणि ऑर्डर?"

"कसली आर्डर?"

"अहो, पैसे देऊन मसाला मागितला का कुणी?"

साळूबाई मॅडमकडं बघतच राहिली. "भरली वाटी परत आली की ओ! आता परत पैसे कसे मागायचे? काय तरी जनाची लाज!"

मॅडमनी खीर खाल्ली. चांगली होती, त्यामुळे रागावताही येईना.

मग भाव सांगायचा सराव आला. मॅडम गिऱ्हाईक झाल्या, टेबलावर मसाल्याची पुडी ठेवली आणि गोड आवाजात विचारलं, "ताई, केवढ्याला?" हिशेब आधीच बसवून ठेवला होता, पाव किलोची पुडी दोनशे रुपये. साळूबाईला तो तोंडपाठ होता. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "घ्या हो, पैसे कुठं पळून चाललेत?"

"नाही ताई, किंमत सांगा."

"द्या काय द्यायचं ते."

"ताई!"

"बरं, पुढच्या येळी द्या."

सगळा वर्ग पदर तोंडाला लावून हसत होता. शेजारी बसलेली सुवर्णा नाचणीची बिस्किटं करायची. तिचा आवाज असा की चार गल्ल्यांपलीकडं भाव ऐकू जावा. ती म्हणाली, "मावशी, दोनशे म्हणायला काय पोटात दुखतं का?" साळूबाईनं मान खाली घातली. खरंच दुखत होतं की! दोनशे म्हटलं की पुढं हात करावा लागणार, आणि हात म्हटलं की तिला मनोजच्या पाकिटासमोरचा आपलाच हात दिसायचा.

स्नेहानं घरी शिकवणी लावली. मोतीराम गिऱ्हाईक झाला. आता हा माणूस आयुष्यात कधी बाजारात गेला नव्हता, पण गिऱ्हाईक व्हायचं म्हटल्यावर त्याच्या अंगात जे संचारलं ते विचारू नका. इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर जायचा, कडी वाजवून आत यायचा, पुडी उलटीसुलटी करायचा, नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "बाई, माल जुना दिसतो."

"अहो, काल तर कुटून आणला. तुम्हीच पिशवी धरली होती ना!"

"मी तो नव्हे. मी गिऱ्हाईक आहे. भाव बोला."

"भाव कसला? गपचिप जेवायला बसा, भाकरी गार होतीय."

की मोतीराम लगेच पाटावर. स्नेहा कपाळाला हात लावायची. आठवडाभर हा तमाशा चालला, आणि त्यातून मोतीरामचंच वजन वाढलं. एवढी शिकवणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

आता इथं विहीणबाईंची ओळख करून द्यायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

स्नेहाची आई धोंडाबाई गिरणारे गावची. घरच्या शेतातले टोमॅटो, मेथी, कोथिंबीर घेऊन दर बुधवारी नदीकाठी, गंगेवरच्या बाजारात बसायची. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. बाजारात तिच्याशी घासाघीस करायला माणसं एकटी जात नसत, दोघं-तिघं मिळून जात. अशी बाई, पण चार वर्षांपूर्वी, स्नेहाच्या लग्नात, तिचं नाक कापलं गेलं. आणि कापलं कुणी? आमच्या साळूबाईनं.

विहिणीची पंगत बसली होती. साळूबाई वरमाय, मानाच्या पाटावर, समोर चांदीचा पेला, बाजूला समया. धोंडाबाईनं स्वतः वाकून आमटी वाढली. साळूबाईनं एक भुरका घेतला आणि मनात होतं ते तोंडावर आलं, "विहीणबाई, मसाला पुडीचा दिसतोय." बोलायचं तिच्या मनात काही नव्हतं हो! भाव सांगायला जिची जीभ उचलत नाही तीच बाई मसाल्याचा विषय निघाला की जिभेला लगाम घालू शकत नाही, त्याला कोण काय करणार? अर्धी पंगत फिसकन हसली. धोंडाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

तेव्हापासून तिनं ताजनपुऱ्यांच्या घरात अन्नाचा कण घेतला नव्हता. लेकीला भेटायला यायची, खाटेच्या काठावर बसायची, पाणी प्यायची. जेवा म्हटलं की, "माझा उपास हाय." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. एकदा रविवारीसुद्धा उपास निघाला तेव्हा मोतीराम म्हणाला, "विहीणबाई, आता देव संपले." त्यावर धोंडाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून गच्चीवर गेला.

साळूबाईला याचं वाईट वाटायचं. दारची वाटी रिकामी जाऊ न देणारी ती, आणि तिच्याच घरातून तिची विहीण उपाशी जायची. पण माफी मागायची कशी? मसाला तर खरंच पुडीचा होता!

तर प्रदर्शनाचा दिवस उजाडला. स्नेहानं पुड्या भरून दिल्या होत्या, वर छापील चिठ्ठी, 'साळूबाईंचा काळा मसाला', आणि कोपऱ्यात गोल कागद चिकटवून किंमत. मनात म्हणाली, तोंडातून नाही निघाला भाव तर नाही, पुडी तरी बोलेल. सासूला गंगापूर रोडच्या हॉलपाशी सोडलं आणि ती आपल्या कामावर गेली.

आणि या बाईनं काय करावं? टेबलावर पुड्या मांडल्या, लांबून बघितल्या, आणि तिला ते गोल कागद डोळ्यांत खुपायला लागले. अन्नावर आकडा! जेवायला बोलवून ताटापाशी बिल ठेवल्यासारखं. बरं दिसतं का ते? तिनं नखानं एकेक कागद खरवडून काढला. पदरानं पुसून पुड्या पुन्हा ओळीनं लावल्या आणि समाधानानं स्टुलावर बसली. आता सांगा, या बाईला काय म्हणावं!

लोक यायला लागले. पहिल्या बाईनं पुडी हुंगली, डोळे मिटले, "वा! केवढ्याला?" साळूबाई म्हणाली, "घ्या हो, मग बघू." त्या बाईनं साळूबाईकडं संशयानं पाहिलं आणि पुडी खाली ठेवली. गंगापूर रोडवर 'मग बघू' म्हणणाऱ्या माणसाकडून कोण काय घेणार? दुसरी आली ती बोलता बोलता साळूबाईच्या माहेरची निघाली, चांदवडची. माहेरचं माणूस म्हटल्यावर संपलंच. साळूबाईनं दोन पुड्या पिशवीत कोंबल्या आणि ती पैसे काढायला लागली तर तिचाच हात धरून परत पाठवलं. शेजारी सुवर्णा ओरडत होती, "नाचणीची बिस्किटं ऐंशी रुपये, ऐंशी रुपये!" आणि तिच्या डब्यांचा तळ दिसायला लागला होता.

निकिता मॅडम धावत आल्या. "साळूताई, काही विकलं गेलं का?"

"गेल्या की दोन पुड्या."

"पैसे?"

साळूबाईनं पुड्यांची रांग पुन्हा सरळ केली. मॅडमचा चेहरा रडवेला झाला. "ताई, दुपारी भांडारवाल्या बाई बघायला येणार आहेत. तुमच्या नावापुढं एक तरी विक्री हवी हो. मी नाही काही करू शकत." एवढं बोलून ती पोर स्वतःच पाणी प्यायला गेली. जागा चालली होती. डोळ्यांसमोरून चालली होती, आणि दोन शब्द म्हटले तर थांबणार होती. ते दोन शब्द काही केल्या येत नव्हते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कुठं हाय आमच्या विहीणबाईचं दुकान?"

धोंडाबाई! हिरवं नऊवारी, खांद्याला बाजारची पिशवी. लोक आपोआप बाजूला झाले. ती टेबलासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, पुड्यांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विहीणबाई, मसाला पुडीचा दिसतोय!"

चार वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. व्याजासकट परत आलं. साळूबाईला भुई फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं झालं. तिनं घाईघाईनं एक पुडी उचलली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. "घ्या ना. तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे? सुनेची आई तुम्ही. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

धोंडाबाईनं पुडीला हात लावला नाही. "भवानी झाली का?"

"न्हाय अजून."

"मंग फुकट कशी घेऊ?" धोंडाबाई कडाडली. "पहिलं गिऱ्हाईक मी. भवानीला फुकट न्हाय, उधार न्हाय, आन गिऱ्हाईक परत धाडायचं न्हाय. टोपली घेऊन बसणाऱ्या बाईनं येवढं तरी पाळावं."

हे साळूबाईलाही ठाऊक होतं. भुईमुगाच्या शेंगा विकणारा पोरगासुद्धा सकाळची पहिली विक्री झाली की ते पैसे कपाळाला लावतो. भवानी फुकट गेली तर सगळा दिवस फुकट. पण विहिणीकडून पैसे घ्यायचे? तेही साता जन्मांत झालं नाही. इकडं आड, तिकडं विहीर, आणि समोर विहीण!

"भाव बोला," धोंडाबाई म्हणाली.

"द्या काय द्यायचं ते."

"पन्नास देते."

साळूबाईनं मान वर केली. "पन्नास?"

"मंग? यात हाय काय असं?" धोंडाबाईनं आता पुडी उचलली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं. "रंग तर इटकरीचा दिसतोय. भुसा किती घातला? खोबरं तर खवट लागतंय वासाला."

बास. साळूबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती स्टुलावरून उठली तशी स्टूल मागं पडलं.

"इटकर? माझ्या मसाल्यात इटकर? धोंडाबाई, तोंड सांभाळून बोला! सुकं खोबरं एकेक वाटी बघून घेतलंय मी. कांदा उन्हात वाळवलाय माझ्या गच्चीवर, माकडं हाकलत बसलेय त्याच्यापाशी! धणे निवडून डोळे गेले माझे! खवट म्हणता? हुंगा, परत हुंगा! दोनशे रुपये! पाव किलोचे दोनशे! घ्यायचा तर घ्या, न्हायतर जा आपले टमाटे विकायला!"

सुवर्णा 'ऐंशी' म्हणता म्हणता थांबली. निकिता मॅडम पाण्याची बाटली हातात धरून दारात उभ्या होत्या, त्यांना प्यायचं सुचेना.

धोंडाबाईचा चेहरा मात्र हलला नाही. "एकशेऐंशी," ती म्हणाली.

"दोनशे."

"एकशेनव्वद. विहीण म्हणून."

"विहीण घरी," साळूबाई गरजली. "इथं दोनशे!"

तेव्हा कुठं धोंडाबाई हसली. चार वर्षांनी हसली. पदराखालून बाजारची पैशाची पिशवी काढली, शंभराच्या दोन नोटा मोजल्या. "काढा हात."

आणि बघा, एवढी वाघीण झालेली बाई, पण हात काही वर येईना. राग ओसरला तशी ती पुन्हा आपली पहिल्यासारखी झाली. हळूच म्हणाली, "लाज वाटती ओ. हात पसरल्यावानी होतं."

"अस्सं?" धोंडाबाईच्या भुवया चढल्या. "मी दर बुधवारी गंगेवर बसते, येणाऱ्याजाणाऱ्याकडनं पैसे घेते. मी काय भीक मागते व्हय?"

"अगं बाई, न्हाय न्हाय! तसं न्हाय म्हणले मी!"

"मंग कसं?"

साळूबाई त्या नोटांकडं बघत राहिली. मनोजच्या पाकिटातल्या नोटांसारख्याच होत्या, पण या तिच्या कढईतून आल्या होत्या, गच्चीवरच्या उन्हातून आल्या होत्या. तिनं पदराला तळवा पुसला आणि हात पुढं केला. धोंडाबाईनं नोटा त्यावर ठेवल्या आणि वरून आपल्या हातानं दाबल्या, सटकू नयेत म्हणून. साळूबाईनं त्या कपाळाला लावल्या. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. विचाराल तर ती अजून सांगते की मसाल्याचा खकाणा गेला होता.

पुढं काय विचारता? भवानी झाली आणि बाईच्या तोंडाचं कुलूप तुटलं ते तुटलंच. पुड्यांपाशी न थांबता नुसत्या जवळून जाणाऱ्यांनाही ती "दोनशे!" म्हणून सांगायची. एकदोघे दचकले. मॅडमना येऊन सांगावं लागलं, "साळूताई, जरा हळू, ते गृहस्थ वीज बघायला आलेत." दुपारी भांडारवाल्या बाई आल्या तेव्हा टेबलावर मोजक्याच पुड्या उरल्या होत्या, आणि त्यातली एक त्यांनाच घ्यावी लागली. पैसे देऊन.

धोंडाबाई त्या दिवशी तिथं आपणहून आली नव्हती, हे नंतर कळलं. आदल्या रात्री स्नेहानं आईला फोन करून रडत सांगितलं होतं, "आई, सगळं केलं गं, पण त्यांच्या तोंडून भाव निघत नाही." त्यावर धोंडाबाई म्हणाली होती, "तिचं तोंड कशानं उघडतं ते माझ्याशिवाय कुणाला म्हाईत हाय? येते मी."

साळूबाईला इंदिरानगरच्या भांडारात जागा मिळाली. काचेच्या कपाटात नाही, मुरांब्याच्या खालच्या फळीवर, पण मिळाली. पुड्यांवरचे गोल कागद आता ती स्वतः चिकटवते, जरा ठळक चिकटवते. गल्लीतल्या बायकांना सांगून टाकलंय, वर्षाचा मसाला हवा तर पुडी घ्या, पाहुणे आले तर वाटी आहेच. कुणी कुरकुरलं, कुणी दोन्ही नेलं. मोतीराम अजूनही अधूनमधून इस्त्रीचा शर्ट घालून कडी वाजवतो, पण आता त्याला खरंच पैसे मागितले जातात, म्हणून कमी येतो.

पुढच्या बुधवारी बाजार उठल्यावर धोंडाबाई वसाहतीत आली. साळूबाई दारातच होती. नेहमीप्रमाणे खाटेच्या काठावर न बसता धोंडाबाई सरळ आत आली आणि पिशवीतून एक वाटी काढून ओट्यावर ठेवली. स्टीलची जुनी वाटी, तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेली, वर फडकं बांधलेलं. आत खुरासणीची चटणी होती, घरी कुटलेली. त्या घरातून या घरात आलेली ती पहिली वाटी.

"आज कुठला उपास?" मोतीरामनं दबकत विचारलं.

"कुठलाच न्हाय. वाढा."

साळूबाईनं आमटी वाढली. सगळं घर ताटाकडं न बघितल्यासारखं करून बघत होतं. धोंडाबाईनं भुरका घेतला. दुसरा घेतला. भाकरी कुस्करून घातली, वाटी रिकामी करून पुन्हा पुढं केली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

स्नेहाला हसू आवरेना. साळूबाई तर हसता हसता भिंतीला टेकली.

निघायच्या वेळेला साळूबाईनं ती वाटी घासली, पुसली आणि बरणी काढली. मसाला भरला, अंगठ्यानं दाबला, पुन्हा भरला, शीग येईपर्यंत. मनगटांतल्या नव्या हिरव्या बांगड्या बरणीला लागून वाजत होत्या. धोंडाबाई चपला घालता घालता बघत होती.

"काय भाव?" तिनं मुद्दाम विचारलं.

"वाटीला भाव नसतो, विहीणबाई," साळूबाई म्हणाली, आणि फडकं बांधून वाटी तिच्या हातात दिली.